वाटून टाकलेला पत्ता

गेल्या वर्षी ऑफिसात मला अर्धा तास बोलायला उभं केलं. विषय होता, आपला ईमेलचा पत्ता स्पॅमपासून कसा वाचवायचा. कॉम्प्युटरच्या खात्यात इतकी वर्षं काढली आहेत की असले विषय आपोआप माझ्या गळ्यात येतात. मला बोलायला आवडत नाही. घरी मी इतका कमी बोलतो की बायको म्हणते, तुमच्यापेक्षा आपला फ्रिज जास्त बोलतो.

पण त्या दिवशी मी वैतागलेलो होतो, आणि वैतागलेल्या माणसाला बोलणं सोपं जातं. सकाळपासून तिघांनी टेबलापाशी बोलावून नेलं होतं. एकाचं इनबॉक्स कर्ज मंजूर झाल्याच्या मेलनी भरलं होतं, त्यात त्याच्या कामाचा एक मेल सापडत नव्हता. एका मॅडमना परदेशातली कुणी आजारी बाई आपली सगळी इस्टेट देऊ पाहत होती. तिसऱ्याने प्रत्येक मेलच्या तळाशी असलेलं ‘अनसब्स्क्राइब’ इमानदारीने दाबलं होतं, आणि मेल दुप्पट झाले म्हणून तो माझ्याकडे असं बघत होता की जणू मीच ते पाठवतोय. मी त्याला समजावलं, की ओळखीच्या दुकानाचं असेल तर दाबा, पण अनोळखी माणसाला तिथे उत्तर दिलं की त्याला एवढंच कळतं की या घरात कुणीतरी राहतं, कडी वाजवत राहा. त्याने मान डोलावली. जेवणानंतर पुन्हा दाबलं.

तर मी उभा राहिलो आणि सांगत गेलो. आपला पत्ता कुठल्याही वेबसाइटवर उघडा लिहून ठेवू नका, मशीन फिरत असतात ते वेचायला. दिवाळीच्या शुभेच्छा पन्नास जणांना पाठवताना सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असे ठेवू नका, त्यातल्या एकाचा कॉम्प्युटर खराब निघाला की पन्नासही जण गेले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पत्ते दोन ठेवा. एक कामाचा, तो मोजक्या माणसांना द्या. दुसरा फॉर्मबिर्म भरायला, लकी ड्रॉ, कूपन, जे काय असेल त्याला. तो कचऱ्याने भरला तरी आपलं काही जात नाही.

मागच्या रांगेतून वसुली खात्यातला एक जण म्हणाला, “सर, दुसरा बनवायची झंझट कशाला? घरवालीचा टाकून द्यायचा. तिला कोण मेल करतंय. अपन टेंशन फ्री.”

सगळे हसले. मॅडमसुद्धा. मी पाण्याचा ग्लास उचलला, थोडं प्यालो, बाकीचं नंतर कधीतरी असं काहीतरी म्हणून खाली बसलो. लोकांना वाटलं, सरांची शुगर खाली गेली. एकाने खिशातून गोळी काढून दिली, ती मी चघळत बसलो.

त्याने गंमत केली होती. मी ते खरोखर केलं होतं. फक्त बायकोचा नाही, वडिलांचा पत्ता घेऊन.

आम्ही तेव्हा इंदूरच्या परदेशीपुऱ्यात राहायचो. बाबा कापडाच्या मिलच्या टाइम ऑफिसात बाबू होते. कोण किती वाजता फाटकातून आत आला, कोणाची पाळी बदलली, कोण सांगून गैरहजर, कोण न सांगता, हे लिहिणं त्यांचं काम. मिल बंद झाली तेव्हा खात्यांतल्या लोकांनी काही ना काही धरलं. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी शिलाई मशीन घेतलं, कुणी टेम्पो चालवायला लागला. बाबांच्या हातात तसली कुठलीच कला नव्हती. त्यांना हजेरी घेता येत होती आणि हजेरी घ्यायला माणसं उरली नव्हती. काही वर्षं ते एका वकिलाकडे टायपिंगला जात राहिले. तिथे त्यांना सगळे ‘टायपिस्टजी’ म्हणायचे. मिलमध्ये ‘बाबूसाब’ ऐकायची सवय झालेल्या माणसाला ते किती टोचत असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण घरी आल्यावर ते आधी बराच वेळ हात धूत बसायचे.

मिलच्या भिंतीला लागून जे गाळे होते, त्यातल्या एकात आधी सायकली दुरुस्त व्हायच्या. तिथेच मग सायबर कॅफे निघाला आणि मला काम मिळालं. सहा कॉम्प्युटर, एक फोनची लाइन, प्लायवूडच्या खुराड्यांसारख्या सहा केबिनी. बीकॉम करून दोन वर्षं बसून असलेला मी एकदम त्या गल्लीतला जाणकार झालो. मला खूप कळतंय असं लोकांना वाटायचं आणि ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं.

बाबांना ईमेलचा पत्ता मीच करून दिला. त्यांच्या आडनावापुढे आमच्या घराचा नंबर, इतका सोपा. त्यांनी विचारलं, हा कायमचा ना? मी म्हटलं, कायमचा. मग त्यांनी काय करावं, तर त्या पत्त्याचा रबरी शिक्का करून आणला. वर नाव, मध्ये घरचा पत्ता, खाली ईमेल. टाइम ऑफिसातला माणूस, शिक्का असल्याशिवाय त्याला कुठलीही गोष्ट खरी वाटत नसे. पुढे प्रत्येक अर्जावर सहीखाली तो शिक्का उमटायला लागला. आई चिडवायची, की आता माझ्या वाणसामानाच्या यादीवर पण मारा एक.

आणि मी काय करत होतो ते आता सांगतो. कॅफेत येणाऱ्या बहुतेकांकडे स्वतःचा ईमेल नसे. कुणाला गाणं उतरवायचं असे, कुणाला गेम, कुणाला भविष्य बघायचं असे, आणि प्रत्येक ठिकाणी आधी फॉर्म यायचा, ईमेल टाका, मगच पुढे. नवीन पत्ता काढून द्यायचा तर पंधरा मिनिटं जायची, गिऱ्हाईक ओरडायचं, “भिया, जल्दी करो न, मीटर चालू आहे.” तेव्हा मी वाकून बाबांचा पत्ता टाइप करून द्यायचो. तोंडपाठ होता, छोटा होता, आणि त्यावर येऊन येऊन कोणाचं काय येणार? दिवसातून दहा वेळा, कधी वीस वेळा. कसल्या कसल्या साइटवर तो गेला असेल ते आता आठवलं तरी कानशिलं तापतात. स्वतःचा पत्ता मात्र मी चार जणांपलीकडे कोणाला दिला नव्हता. जास्त ठिकाणी दिला की कचरा येतो, हे मला तेव्हाच कळलेलं होतं. म्हणजे अजाणतेपणाचं निमित्तसुद्धा माझ्याकडे नाही.

बाबांचे एक मित्र होते, मिलच्या लूम खात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम. त्यांना मी काका म्हणायचो. जवळजवळ वीस वर्षं दोघं एका पाळीला जायचे, डबा एकत्र खायचे, आणि एकमेकांना यथेच्छ टोमणे मारायचे. काका बाबांना म्हणायचे, तुझ्यासारखे बाबू खुर्ची गरम करतात म्हणून आमचं कापड थंड पडतं. मिल बंद झाल्यावर काका मानपुरला आपल्या घरी गेले आणि पीथमपूरकडच्या एका धाग्याच्या कारखान्यात लागले. हळूहळू सुपरवायझर झाले.

एका रविवारी ते आमच्याकडे आले. त्यांच्या कारखान्यात हजेरी सांभाळायला माणूस हवा होता, मजुरांशी बोलता येणारा, त्यांच्या लबाड्या ओळखणारा. काका म्हणाले, मी मालकाला सांगून ठेवलंय, असा माणूस इंदूरमध्ये एकच आहे आणि तो सध्या वकिलाचं टपाल चिकटवतोय. फक्त एक होतं. नव्या मालकाला सगळं कॉम्प्युटरवर पाहिजे होतं. कागदावरचा अर्ज घेतच नव्हते, बायोडेटा मेलने, बोलावणं पण मेलनेच. आमच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे ते सोयीचंच वाटलं. बाबांनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. “आमच्याकडे आहे न आमचा पोस्टमास्तर.”

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कॅफेत आले. कॉम्प्युटरपुढे बसायला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं मी त्यांना म्हटलं नाही, पण मला लाज वाटली होती. त्यांनी इंग्रजीत मजकूर सांगितला, मी टाइप केला. पाठवल्यावर त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, पोचलं? मी म्हटलं, हो, पोचलं.

त्यानंतर रोज मी घरी आलो की ते विचारायचे, “काही आलं?”

पहिले चार-पाच दिवस मी खरंच बघत होतो. मेल उघडला की आधी तो सगळा राडा दिसायचा. वजन कमी करा, घरबसल्या कमवा, तुम्ही जिंकलात, शिवाय जे लिहितासुद्धा येत नाही ते. एका पानावर पंचवीस मेल, एक पान उघडायला मिनिट-दीड मिनिट, तीही लाइन मध्येच तुटली नाही तर. पुसायचे तर पंचवीस खुणा करा, पुसा, पुन्हा वाट बघा, तोवर पुढचे आलेले. बाजूला गिऱ्हाईक उभं. एक-दोन दिवस मी दात खाऊन साफ करायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. आज नाही बघितलं तर काय होतंय, उद्या बघू. उद्या पण नाही बघितलं. घरी आल्यावर “काही आलं?” आणि मी चपला काढता काढता “नाही” म्हणायचो. तीन आठवडे मी न बघताच नाही म्हणत राहिलो. त्या वेळच्या मेलबॉक्समध्ये जागा ती केवढी. भरली की नवीन पत्र आत येत नसे, पाठवणाऱ्याकडे परत जायचं. हे मला माहीत होतं. दुसऱ्यांना मीच समजावून सांगायचो.

आई म्हणाली, एकदा मानपुरला जाऊन विचारून का येत नाही, दीड-दोन तासांची तर बस आहे. बाबा तिच्यावर चिडले. एकदा त्याला सांगितलंय, तो मालकाशी बोललाय, आता पुन्हा पुन्हा जाऊन उभं राहणं म्हणजे त्याला अडचणीत टाकणं. मिलमधल्या त्या लोकांचं हे असंच होतं. एकमेकांसाठी काहीही करतील, पण मागायचं एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं की ती याचना झाली.

आणि तिकडे काकाही त्याच मातीचे.

एका बुधवारी दुपारी ते कॅफेत आले. कारखान्याच्या कसल्याशा कामाने इंदूरला आले होते, छातीवर कारखान्याचा बिल्ला तसाच होता. घरी गेले नव्हते, सरळ माझ्याकडे आले. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या टेबलावर पसरला.

“दोन वेळा पाठवलं आमच्या ऑपरेटरने. दोन्ही वेळा परत आलं. तो म्हणतो, डबा फुल आहे, माणूस उघडतच नाहीये.” मग आवाज खाली करून म्हणाले, “त्याच्या तोंडावर विचारायला मला बरं नाही वाटत. तूच खरं सांग, त्याला यायचं नाहीये का?”

कागद माझ्यासमोर होता. परत आलेल्या मेलवरची ‘मेलबॉक्स फुल’ची ओळ मला वाचायचीही गरज नव्हती. त्या क्षणी फक्त इतकंच म्हणायचं होतं की काका, चूक माझी आहे, डबा मी भरलाय, बाबा रोज विचारतात. वाक्य लहान आहे. आता लिहिताना तर फारच लहान दिसतंय.

मी म्हटलं, “काका, बाबांचं मन नाहीये. तुम्हाला बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.”

हे मी का म्हटलं याचा विचार मी इतका केला आहे की त्याची सालं निघाली. काका खरं घेऊन घरी जातील आणि तीन आठवड्यांचं माझं ‘नाही’ उघडं पडेल, ही भीती होती. मागे कॅफेचा मालक उभा होता, त्याच्यासमोर गाढव ठरायचं नव्हतं, हेही होतं. आणि एक हिशोबही होता माझा, की आत्ता वेळ मारून नेऊ, आज डबा साफ करू, उद्या सगळं जागेवर आणू.

काका थोडा वेळ कागदाच्या घड्या घालत राहिले. “मला बोलायला त्याला काय झालं होतं?” ते म्हणाले. “या शनिवारपर्यंत जागा धरून ठेवलीये मी. मालकाचा भाचा टपून बसलाय तिच्यावर.” दारापर्यंत गेले, परत वळले. “मी आलो होतो हे त्याला सांगू नकोस. उगाच ओशाळेल.”

हे त्यांनी मला आयतंच दिलं. मी मान हलवली.

ते गेल्यावर मी तीन नंबरच्या केबिनमध्ये बसून बाबांचा डबा साफ करायला घेतला. पंचवीस, पंचवीस, पंचवीस. लाइन तुटत होती, मी पुन्हा जोडत होतो, मालक बाहेरून ओरडत होता की स्टाफने बसायचं तर पैसे कोण देणार. दोन दिवस लागले. डबा रिकामा झाल्यावर मी वेड्यासारखा वाट बघत बसलो, की आता ते पत्र येईल. परत गेलेलं पत्र पुन्हा येत नसतं, हेसुद्धा मला माहीत होतं. शुक्रवारी मी बाबांच्या नावाने कारखान्याला मेल पाठवला, कृपया पुन्हा कळवावे. उत्तर आलं नाही. मानपुरच्या बसला बसून जाता आलं असतं. शनिवार होता अजून. गेलो नाही.

बाबांनी महिनाभर विचारलं आणि मग विचारायचं बंद केलं. काकांबद्दल त्यांनी वाईट शब्द काढला नाही. त्यांनी काकांचं नावच काढणं सोडलं, आणि ते जास्त ऐकू यायचं, कारण आधी त्यांची निम्मी वाक्यं काकांपासून सुरू व्हायची. पुढे कळलं की काकांच्या मुलीचं लग्न झालं, आम्हाला पत्रिका नव्हती. बाबा म्हणाले, “असू दे. माणूस सुपरवायझर झाला की बदलतो.” तिकडे काका काय म्हणत असतील ते मला इथे बसून ऐकू येत होतं. दोघांचाही राग बरोबर होता, आणि दोघांनाही तो मी दिलेला होता.

मला पुढे नोकरी लागली, लग्न झालं, परदेशीपुरा सुटला, बाबा-आई माझ्याकडे राहायला आले. हे सगळं झालं आणि ती गोष्ट माझ्याबरोबर येत राहिली. सांगायला चांगला दिवस मी शोधत होतो. असा दिवस नसतो, पण शोधत राहिलं की माणसाला वाटतं आपण काहीतरी करतोय.

तीन वर्षांपूर्वी मिलमधल्या एका जुन्या माणसाचा बाबांना फोन आला, काका गेले. आई म्हणाली, जाऊन या. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, माझं तिथे काय काम. मी तिथेच सोफ्यावर होतो. मी विचारलं, गाडी काढू का? ते म्हणाले, नको. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी जे काही केलं त्यात हे सुटल्यासारखं वाटणं सगळ्यात वाईट. तेराव्यालाही आमच्याकडून कोणी गेलं नाही.

ऑफिसातल्या त्या दिवसानंतर चौथ्या दिवशी रविवार होता. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते, आई देवळात गेली होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा गिळून टाकलं असतं.

त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि प्रश्न विचारायला लागले, तेही असे की जणू मी टाइम ऑफिसच्या खिडकीसमोर उभा आहे. तो आला तो वार कोणता? बुधवार. किती वाजले होते? तीनच्या सुमारास. किती वेळा पाठवलं होतं? दोनदा. मी किती दिवस विचारत होतो तुला? सगळं मिळून दोन महिने असेल. त्याने जाताना नेमकं काय म्हटलं? मी सांगितलं, ओशाळेल म्हणाले. तिथे त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

मग म्हणाले, “नोकरीचं सोड. कदाचित मी गेलोही नसतो, बारा-बारा तास राबवून घ्यायचे तिथे. पण नाही म्हणायचं असतं तर मी म्हटलं असतं. माझं ‘नाही’ तुला कोणी म्हणायला सांगितलं होतं?”

त्यांनी मांडीवरच्या पेपरची आणखी एक घडी घातली.

“दोन वर्षं झाली त्याला जाऊन. मी त्याच्या दारात गेलो नाही. आणि तू सोफ्यावर बसला होतास.”

ते ओरडले नाहीत. उठून आत गेले आणि बारा वाजेपर्यंत देवघरासमोरच्या पाटावर बसून राहिले. जेवताना आईला म्हणाले, मला मानपुरला जायचंय. आईने कारण विचारलं नाही, माझ्याकडे बघितलं. तिला किती कळलं होतं ते मला आजही माहीत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघंच निघालो. मानपुरात घर विचारत विचारत गेलो, बाबांना जुनी खूण आठवत होती पण तिथे आता टायरचं दुकान झालं होतं. काकूंनी दार उघडलं. एक क्षण त्यांनी ओळखलं नाही, मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “भाऊजी, खूप उशीर केलात.”

बाबा आत जाऊन बसले. पाणी आलं. मला वाटलं होतं ते काहीतरी म्हणतील, निरोप मिळाला नाही, तब्येत बरी नव्हती, असं काहीतरी झाकणारं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “सांग यांना.”

मग तीच गोष्ट मी दुसऱ्यांदा सांगितली. पहिल्यांदापेक्षा अवघड गेली, कारण काकूंना ईमेल म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं. डबा म्हणजे कोणता डबा? तो भरला कशाने? मी सांगत होतो, जाहिराती असतात काकू, फुकटच्या, लॉटरीच्या, औषधांच्या, कुणी मागवलेल्या नसतात, पत्ता हाती लागला की येतात. वर्षानुवर्षं मी हे लोकांना समजावतोय, समजावण्यात माझा हात कोणी धरणार नाही, आणि त्या खोलीत प्रत्येक वाक्य उच्चारताना मला स्वतःचाच इतका संताप येत होता की शब्द अडखळत होते.

“म्हणजे रद्दी,” काकू म्हणाल्या.

“हो.”

“रद्दीपायी झालं हे?”

बाबा म्हणाले, “नाही वहिनी. रद्दी कुठेही असते. यानं तोंड उघडलं नाही, त्यापायी झालं.”

काकूंनी रिकामे ग्लास उचलून बाजूला ठेवले. मग बाबांकडे वळून सांगायला लागल्या, की हे इंदूरला जायचे तेव्हा परदेशीपुऱ्याच्या रस्त्याने जायचेच नाहीत, लांबचा वळसा घ्यायचे. म्हणायचे, त्याला माझी नोकरी कमी पडली. मुलीच्या लग्नात तुमच्या नावाची पत्रिका लिहून ठेवली होती यांनी, टाकली नाही. आजारपणात एकदा विचारलं, बोलावू का भाऊजींना, तर म्हणाले, त्याला यायचं असतं तर आला असता.

बाबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. काकू मला म्हणाल्या, तू जरा बाहेर बस बेटा. रागाने नाही म्हणाल्या. दारात आलेल्या कुरियरवाल्याला सांगावं तसं.

मी गाडी वळवून रस्त्याच्या तोंडाशी लावली आणि आत बसून राहिलो. ट्रक जात होते. घराचं दार उघडं होतं, आतले आवाज येत होते पण शब्द कळत नव्हते. मध्ये एकदा बाबांच्या हसण्यासारखं काही ऐकू आलं, काकांचा जुना एखादा टोमणा निघाला असेल. मला आत जाऊन ऐकावंसं वाटलं. उतरलो नाही.

तासाभराने बाबा आले. नेहमी ते पुढे माझ्याशेजारी बसतात, रस्ता सांगत, माझ्या गियर बदलण्याला नावं ठेवत. त्या दिवशी मागचं दार उघडून मागे बसले. मी आरशात बघितलं, ते खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, निघायचं? ते म्हणाले, निघ.